फर्मा कोणाच्या पायाचा?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की आमच्या कोकणपट्टीत तुळशीवृंदावनापुढे कारीट फोडण्याची चाल आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते कडू फळ दाबावयाचे. फटकन् फुटले की नरकासुर मेला. हे काम पायताण घालून होत नाही. त्याला अंगठा लागतो, आणि तोही सरळ, मोकळा, जोर लावू शकणारा. माझी वाचकांना विनंती एवढीच की यंदा कारीट फोडतेवेळी घरच्या मंडळींच्या पायांकडे जरा निरखून पाहावे. जन्मभर वाडीत अनवाणी वावरलेल्या आजोबांचा अंगठा नाकासमोर सरळ असेल. मुंबईस नोकरी करणाऱ्या चिरंजीवांचा अंगठा शेजारच्या बोटावर रेललेला आढळेल. सूनबाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ असेल, करंगळी आत मुडपलेली आणि तिच्यावर कुरूप. आणि चार वर्षांच्या नातवाचा पाय पाहाल तर ताडाच्या पंख्यासारखा पुढे रुंदावलेला! आजोबा, मुलगा आणि नातू हे तर एकाच रक्ताचे. मग मधल्याचेच पाय असे का झाले?

याचे उत्तर एका लाकडाच्या ठोकळ्यात आहे, आणि त्या ठोकळ्याशी मला आज भांडावयाचे आहे. सणाच्या दिवशी भांडण कसले काढता, असे कोणी म्हणेल. पण सणालाच तर आपण नवे जोडे घेतो!

ज्यावर बूट बेततात त्या ठोकळ्याला आपले चर्मकार फर्मा म्हणतात. फारसीतून आलेला कालबूत हा शब्दही काही जुनी माणसे वापरीत. बुटाचे वरचे कातडे कापून, शिवून झाले की ते या फर्म्यावर ओढून ताणतात, खाली पक्के करतात, तळ बसवतात, आणि कातड्याने आकार धरला की फर्मा आतून काढून घेतात. पूर्वी फर्मे कठीण लाकडाचे असत. आता बहुतेक कारखान्यांत ते प्लॅस्टिकचे असतात आणि संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कोरले जातात. बाहेर काढताना त्याची टाच अडकू नये म्हणून मध्ये एक बिजागरी असते. ज्या आमच्या पेण गावी साच्यांतून गणपतीच्या मूर्ती निघतात, तेथल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. साच्यात सोंड डावी असेल तर मूर्तीची सोंड उजवी कशी होणार? फर्म्याची चवड अरुंद असेल तर बूट रुंद कोठून यावा?

आणि गंमत अशी की हा फर्मा गिऱ्हाइकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. आपण दुकानात जातो, कातडे अस्सल आहे का विचारतो, तळवा वाकवून पाहतो, टाके मोजतो, भावात घासाघीस करतो. पण हा जोड कोणाच्या पायावर बेतला, हा प्रश्न मी आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेला नाही. शिंप्याने दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगात घातला तर आपण त्याला घराबाहेर काढू. जोड्यांच्या बाबतीत मात्र दुकानदार म्हणतो, "चार दिवस वापरा साहेब, सैल होईल," आणि आपण मान डोलावून पैसे मोजतो. सैल कोण होतो? कातडे थोडेसे होते. पण चौदा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पाहाल तर कातड्याच्या आधी पाय नमतो, कारण पायातल्या सव्वीस हाडांपैकी बरीच अजून पुरती घट्ट झालेली नसतात.

हा फर्मा आपल्याकडे आला तो इंग्रजांबरोबर, आणि त्यांचे मापही त्याच्याबरोबर आले. सात नंबर, आठ नंबर असे आपण म्हणतो, त्या दोन नंबरांमधले अंतर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, म्हणजेच जवाच्या एका दाण्याची लांबी! जुन्या इंग्लंडात जवाचे दाणे ओळीने मांडून पाय मोजीत, त्याची ही शिल्लक. याला मी हसत नाही. आपल्याही शास्त्रांत आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे. फरक एवढाच की आपण यवाच्या पोटाची रुंदी धरीत असू आणि त्यांनी लांबी धरली. पण तो दाणा फक्त पायाची लांबी सांगतो. पायाचा घेर, म्हणजे चवड्याभोवती दोरा गुंडाळला तर किती भरेल, ते त्यात नाही. विलायतेत एकाच लांबीचे अरुंद, मध्यम, रुंद असे वेगवेगळे जोड मागता येतात. आपल्या बाजारात नंबर तेवढा आला, रुंदी बोटीवर चढलीच नाही.

युरोपातल्या लोकांचे पाय तरी या फर्म्यांनी सुखी ठेवले होते का? तेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिकडे बहुतेक जोडे डाव्या-उजव्याचा भेद न करता एकाच सरळ फर्म्यावर बेतीत. कोणत्याही पायात कोणताही घालावा. पेट्रस काम्पर नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ साली जोड्याचा आकार कसा असावा यावर पुस्तक लिहिले. विद्वानाने एवढ्या खालच्या विषयाला हात घालावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असणार. पुढे १८५८ साली झुरिकचे प्राध्यापक हर्मान मायर यांनी साधी गोष्ट मांडली, की अंगठ्याच्या मध्यातून काढलेली रेघ सरळ मागे टाचेच्या मध्यात गेली पाहिजे, आणि ज्या जोड्यात ती जात नाही तो जोडा पाय बिघडवतो. आज बाजारातले शंभर जोड उलटे करून त्यांच्या तळव्यावर ही रेघ ओढून पाहा. किती उत्तीर्ण होतील, याची पैज मी लावणार नाही. सणासुदीला जुगार आमच्या घरी फक्त पत्त्यांचा चालतो.

मायर यांचे ऐकले थोड्यांनी, आणि तेवढ्यात यंत्रे आली. टॉमस ब्लँचार्ड या अमेरिकनाने १८२० च्या सुमारास बंदुकीचे दस्ते कोरण्यासाठी जो लेथ काढला, त्याच तत्त्वावर एकसारखे फर्मे हवे तितके निघू लागले. यान मात्सेलिगर या सुरिनामहून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय कारागिराने १८८३ साली फर्म्यावर कातडे ताणण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. पटाईत कारागीर दिवसाकाठी पन्नास जोड ओढी, तेथे हे यंत्र सातशेपर्यंत ओढू लागले. बूट स्वस्त झाले, गरिबाच्या पायात आले; हा उपकार लहान नव्हे. बिचारा मात्सेलिगर स्वतः ऐन तारुण्यात, १८८९ साली क्षयाने गेला. पण यंत्राला एक फर्मा लागतो आणि लाखो पाय त्याच्यासमोर रांगेत उभे राहतात. म्हणून तो एक फर्मा कोणाचा, हा प्रश्न हातकामाच्या काळापेक्षा यंत्राच्या काळात शंभरपट महत्त्वाचा झाला. आणि आपण तो विचारलाच नाही.

आमच्या रेवदंड्याच्या बाजारात माझ्या लहानपणी एक वृद्ध चर्मकार बसत. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. शाळेच्या मास्तरांना जोड हवा असला की तात्या जमिनीवर कागद ठेवीत, त्यावर मास्तरांना उभे करीत आणि पेन्सिलीने पायाभोवती आखीत. बसलेल्या माणसाचे माप त्यांनी कधी घेतले नाही. "पाय उभा राहिला की पसरतो, मास्तर," असे म्हणत. मग चवड्याला, मधल्या कमानीला आणि टाचेवरून वर असा तीनदा दोरा गुंडाळून गाठी मारीत. त्यांच्याजवळ फर्मे असतील पाच-सहा जोड्याच. पण मास्तरांच्या अंगठ्याजवळ गाठ असली तर तात्या फर्म्यावर नेमक्या त्या जागी कातड्याचा तुकडा ठोकून, रापीने तासून, फर्म्यालाच गाठ आणीत! परक्या ठोकळ्याला ते आपल्या गावच्या माणसाचा पाय शिकवीत. ही विद्या ज्यांच्या हाती होती त्यांना आपण ओटीवर चढू दिले नाही, त्यांच्या पोरांनी तो धंदा सोडला तर नवल कसले? जातीने जोखडलेला धंदा सुटला याचा मला आनंद आहे. पण त्या धंद्याबरोबर माप घेण्याची रीतही गेली, आणि तिच्या जागी पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा आकडा आला. ती विद्या सन्मानाने कोणत्याही जातीच्या मुलाला शाळेत शिकवता आली असती. ते कोणी केले नाही.

आता आमच्या किनाऱ्याचे पाय कसे असतात ते सांगतो. उरण-पेणच्या मिठागरांत उभे राहिलेले, खारजमिनीत चिखलणी केलेले, माडावर दोर अडकवून चढलेले, रेतीत जाळी ओढलेले हे पाय. चिखलात बोटे रुतवून तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे बोटांमध्ये फट असते, चवडा रुंद, टाच तुलनेने निमुळती. हा पाय कुरूप आहे असे आपल्याला कोणी शिकवले? अशा पायाचा मालक आज शेती सोडून खतांच्या किंवा पोलादाच्या कारखान्यात, नाही तर न्हावाशेव्याच्या बंदरावर मजुरीस जातो. तेथे त्याला पुढे पोलादी टोपण बसवलेले बूट घालावे लागतात. बोटांवर ओझे पडले तर ती वाचावीत हा हेतू योग्यच. पण कातडे थोडे तरी सैल होते, पोलाद होत नाही. माझ्या ओळखीच्या एका कोळी तरुणाला ठेकेदाराने आठ नंबरचे बूट दिले. करंगळी सोलवटू लागली, तेव्हा दहा नंबरचे दिले. लांबी वाढवली की रुंदी थोडी वाढते हे खरे, पण मग बूट जेथे वाकावयाचा ती जागा पायाच्या वाकण्याच्या जागेपुढे जाते, टाच आत वरखाली होते, आणि माणूस शिडीवर अडखळतो. सुरक्षेसाठी दिलेला बूट पायऱ्यांवरून पाडतो, याला काय म्हणावे? त्याने तक्रार केली तेव्हा, "सगळ्यांना येतात, तुझेच पाय वेडेवाकडे," असे उत्तर मिळाले. त्याचे पाय वेडेवाकडे नाहीत. मी पाहिले आहेत. मायर साहेबांची रेघ त्यात ओळंब्यासारखी उतरते.

हे एकट्या माझ्या किनाऱ्याचे गाऱ्हाणे असते तर मी संपादकांना त्रास दिला नसता. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय त्रिमिती यंत्राने मोजले. निष्कर्ष असा, की भारतीयांचे पाय सर्वसाधारणपणे युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा रुंद आहेत, आणि आपण इतकी वर्षे अरुंद जोड्यांत पाय कोंबत आहोत. पुरुष नाड्या सैल सोडून निभावतात, स्त्रिया गरजेपेक्षा मोठ्या नंबरचे टाचेचे जोडे घालून पाय मुरगाळून घेतात. मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास पुरी होते, मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी. प्रांताप्रांतांचे पाय एकमेकांपासून इतके भिन्न असतील की एक माप चालणार नाही, अशी जी भीती होती तीही खोटी ठरली. साऱ्या देशाला एकच मापपद्धती पुरते. तिला त्यांनी नाव दिले 'भा', भारताचा भा. वयाप्रमाणे आठ गट, आणि अर्ध्या नंबरांची कटकट नाही. २०२५ पासून ती अमलात येईल असे सांगण्यात आले होते. आमच्या बाजारपेठेत मी दुकान दुकान पालथे घातले. 'भा' छापलेला एकही जोड मला अद्याप मिळालेला नाही.

त्याच २०२५ सालच्या जून महिन्यात मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. केवढा गदारोळ उठला! उठावयासच हवा होता, २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली ही आपली वस्तू. कंपनीलाही शेवटी तिचे मूळ कबूल करावे लागले. पण मला त्या गदारोळात एक मौज दिसली. सभेत मूठ आवळून बोलणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायात त्या क्षणी विलायती फर्म्यावरचे बूट होते? त्यांनी आपली चप्पल नेली म्हणून आपण तळमळलो. त्यांचा फर्मा पिढ्यान् पिढ्या आपल्या पायांवर बसला आहे, त्याबद्दल हूं की चूं नाही.

आणि कोल्हापुरीचे मर्म तरी काय? जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीला फर्माच लागत नाही. नमुन्याप्रमाणे तळ कापावा, कान लावावे, पट्टा नि अंगठा बसवावा, वादीने शिवावे. मग गिऱ्हाइकाने तिला तेल पाजावे, महिनाभर वागवावे, आणि तिने त्याच्या पायाचा आकार घ्यावा. तेथे माणसाचा पाय हाच फर्मा असतो.

यावर काही मंडळी लगेच म्हणतील, मग सोडा बूट, घाला वहाणा, किंबहुना चाला अनवाणी. आपल्या पूर्वजांना कुठे बूट होते? त्यांच्याशीही माझे पटत नाही. अनवाणी पायाचे गुण मी नाकारीत नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली प्रसिद्ध केले, की पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत अवघे २.८, आणि पुढून बंद बुटांत ते उघड्या चपलांपेक्षा जास्त. पण भाताच्या खाचरात लेप्टोचे जंतू आहेत, वाटेवर काच आहे, आणि देशात मधुमेह्यांची संख्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे दहा कोटींवर गेली आहे. ज्याच्या पायाची संवेदना गेली त्याला अनवाणी चालणे म्हणजे जखमेस आमंत्रण, आणि अरुंद जोडाही तसाच. निरोगी माणसाला जोडा चावला तर तो ओरडतो. मधुमेह्याला चावतो ते कळतच नाही, कळते ते पाय सडू लागल्यावर. त्याला जोडा हवाच, फक्त त्याच्या पायाचा हवा.

दुसरा पक्ष व्यापाऱ्यांचा. नवे फर्मे म्हणजे प्रत्येक नंबराला, प्रत्येक घाटाला जोड्यांच्या जोड्या. तो खर्च कोण सोसणार? चेंबूरच्या ठक्करबाप्पा कॉलनीत किंवा धारावीत दहा बाय बाराच्या खोलीत काम करणाऱ्या कारागिराने असे विचारले तर मी गप्प बसेन. त्याला बाजारात मिळेल तो फर्मा घ्यावा लागतो. पण खेळाडूंच्या जाहिरातींवर पैसा उधळणाऱ्यांनी हे रडगाणे गाऊ नये. दरवर्षी बुटाचे नाक टोकदार की चौकोनी, हे ठरवायला यांना नवे फर्मे परवडतात. चवडा अर्ध्या बोटाने रुंद करायचा म्हटले की मात्र दिवाळे निघते!

आणि सरकार? महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे फुकट देण्याचे ठरवले. उत्तम. पण त्यासाठी धरले दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये. एवढ्या पैशांत फर्म्याची चौकशी कोण करणार? घाऊक बाजारात जे स्वस्त असेल ते मुलांच्या पायात जायचे. आमच्या भागातल्या एका शाळेत तर भर पावसात, जेथे वाटेवर गुडघाभर पाणी, काळे बंद बूट घातल्याशिवाय मुलांना वर्गात घेत नसत. ओल्या मोज्यांत सहा तास कुजलेली ती बोटे मी पाहिली आहेत. शिस्त म्हणजे काय याची त्या मुख्याध्यापकांची कल्पना आणि माझी कल्पना यांत अरबी समुद्राचे अंतर आहे. चिखलाच्या चार महिन्यांत मुलांना उघडे, पट्ट्याचे पायताण घालू द्यावे, एवढे कळायला संशोधन संस्था लागत नाही.

खरेदी करणारा सर्वांत मोठा ग्राहक शासन आहे. पोलीस, एस.टी.चे चालक-वाहक, वनरक्षक, शाळेची मुले. निविदेत एक ओळ घातली, की जोड 'भा' मापाच्याच फर्म्यावर बेतलेला हवा आणि दोन रुंदींत मिळाला पाहिजे, तर हेच व्यापारी वर्षाच्या आत फर्मे बदलतील. आमच्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या रातवडला चामड्याची पादत्राणे करणाऱ्या उद्योगांचा मोठा समूह उभारण्याची योजना २०२२ पासून चर्चेत आहे. तेथे गाळे किती, रस्ते किती, रोजगार किती, याची भाषणे झाली. पहिल्या गाळ्यात फर्मे कोरण्याची कर्मशाळा घाला, आणि तिचे फर्मे धारावीच्या खोलीतल्या कारागिराला भाड्याने द्या, असे म्हणणारा एकही वक्ता मी ऐकला नाही. इमारत रायगडात, मजूर रायगडचे, आणि त्यांनी ओढायचे कातडे मात्र कोणा परक्याच्या पायावर, असा जर तो कारखाना होणार असेल तर त्याची फीत कापायला मला बोलावू नये. तसे ते बोलावणारही नाहीत म्हणा!

तोवर वाचकांनी निदान घरापुरते एक करावे. संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय थोडा फुगलेला असताना, वर्तमानपत्राच्या कागदावर उभे राहून पायाभोवती पेन्सिल फिरवावी आणि तो आकार कात्रीने कापून खिशात घालून दुकानात जावे. आवडलेल्या बुटात तो कागद सरकवावा. पुढे अंगठाभर जागा उरते का आणि कडेला कागद मुडपतो का, ते बोटाने चाचपावे. मुडपला तर जोड परत करावा आणि फर्मा कोणत्या मापाचा, असे मोठ्याने, इतर गिऱ्हाइकांच्या कानी पडेल असे विचारावे. दुकानदार प्रथम तोंडाकडे पाहील, मग "सैल होईल" म्हणेल, आणि तरीही आपण हललो नाही तर आतून दुसरा जोड आणील. त्यातही कागद घालून पाहावा.